माणूस कामावर का येतो? एम्प्रेस मिलच्या मस्टरपासून मास्लोपर्यंत

(कुही येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषयाचं नाव भारदस्त छापलंय: कामाच्या ठिकाणच्या प्रेरणेचे मानसशास्त्रीय सिद्धांत. हा विषय एमबीएच्या पहिल्या वर्षाला असतो. मास्लोचा पिरॅमिड, हर्झबर्गचे दोन घटक, मॅकग्रेगरचा एक्स आणि वाय. मुलं पाठ करतात, पेपर लिहितात आणि विसरतात. मी आज हे सगळं सांगणार आहे, पण उलट्या बाजूनं. इतिहासाचा माणूस आहे, त्यामुळे मला आधी प्रश्न पडतो की हे सिद्धांत कुणाला हवे होते, आणि कधीपासून.

इथं येताना मिरचीच्या एका सातऱ्यावर थांबलो होतो. तुम्हाला सातरा समजावून सांगायची गरज नाही, पण हे शब्दांकन बाहेरची मंडळीही वाचतील म्हणून सांगतो. वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग असतात, बाया ओळीनं बसून देठ खुडतात आणि मजुरी किलोवर मिळते. एका मावशींना विचारलं, रोज येता का? म्हणाल्या, "घरी का करू बाप्पा? इथं चार बाया भेटतेत, बोलणं होते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "अन् पैसे नाही भेटले तं कोण येईन?" दोन वाक्यांत त्यांनी निम्मा अभ्यासक्रम सांगून टाकला. उरलेला निम्मा नागपूरच्या एका मिलमध्ये सापडतो. तिकडे जाऊ.

1 जानेवारी 1877. दिल्लीत दरबार भरलाय, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं जातंय. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची मिल सुरू झाली आणि म्हणून तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. कंपनीचं नाव वेगळं आणि लांबलचक होतं, ती 1874 साली स्थापन झालेली. मुंबई सोडून हा माणूस नागपुरात का आला? कापूस इथं, कोळसा जवळ वरोऱ्याला, रेल्वे आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भराव घालून तयार केली. एका सावकारानं कर्ज द्यायला नकार दिला होता, हा गृहस्थ जमिनीत सोनं पुरतोय असं म्हणून. पुढे त्यालाच कबूल करावं लागलं की यानं माती टाकली आणि सोनं काढलं. ही गोष्ट टाटांच्या सगळ्या चरित्रांत आहे, आणि उद्योगपतींच्या चरित्रांत असा एक सावकार बहुधा असतोच.

मिल चालवायला त्यांनी बेझनजी मेहता यांना आणलं. हे रेल्वेतले गृहस्थ, कापडाच्या धंद्यातले नव्हेत. आणि या बेझनजींपुढे जी अडचण उभी राहिली ती यंत्रांची कमी आणि मस्टरची जास्त होती. माणसं येत नव्हती. चरित्रकार लिहितात की कुठल्याही दिवशी साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. गरजेपुरते पैसे मिळाले की माणूस घरी. पाहुणे आले, लग्न निघालं, सण आला की खाडा. मुंबईहून आलेल्या कारभाऱ्यांच्या डोळ्यांना हा आळशीपणा दिसला. इकडचे लोक सुस्त, असं तेव्हा सहज लिहिलं गेलंय. अजूनही पुण्या-मुंबईकडचे काही लोक विदर्भाबद्दल असं बोलतात, पण ते सोडून देऊ.

तो कामगार कोण होता? कुणी विणकर कोष्टी. उमरेड, पवनीकडे हातमागावर रेशीमकाठी धोतरं विणली जायची आणि गिरणीच्या कापडानं तो धंदा खाल्ला. कुणी महार समाजातला, सूत कातणारा आणि जाडंभरडं विणणारा. त्याचंही सूत मिलनंच संपवलं. कुणी कुणबी, शेतात भागत नाही म्हणून आलेला. या सगळ्यांचं गाव मागं होतं. पुढे 1929 साली नेमलेल्या व्हिटली कमिशननं, म्हणजे कामगारविषयक शाही आयोगानं, 1931 च्या अहवालात हे नीट मांडलं: हिंदी कामगाराला शहर खेचून आणत नाही, गावातली परिस्थिती त्याला ढकलून पाठवते. मनानं तो गावचाच राहतो. पेरणीला, कापणीला, लग्नाला तो परत जाणारच. आयोगानं एक शहाणपणाची गोष्ट म्हटली, की गावाशी असलेला हा धागा तोडू नका, तो कामगाराचा आधार आहे.

आणि कामाचे तास बघा. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त पोरांच्या तासांबद्दल बोलतो. मोठ्या पुरुषाच्या तासांवर कापड गिरण्यांत पहिली मर्यादा आली ती 1911 च्या कायद्यानं, आणि तीसुद्धा बारा तासांची. विजेचे दिवे यायच्या आधी गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायची. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात किती तास, तुम्हीच मोजा. शेतकरी काय बारा तास राबत नाही? राबतो. पण तो दुपारी झाडाखाली आडवा होतो. मिलमध्ये शरीराला नवीन काय होतं, तर भोंगा. मला विचाराल तर तो खाडा म्हणजे आळस नव्हता. ज्या माणसाला सुट्टी नावाची गोष्ट कुणी दिली नाही, त्यानं स्वतःची सुट्टी स्वतःच घेतली.

बेझनजी आणि जमशेटजींनी यावर काय केलं ते महत्त्वाचं आहे, कारण नेहमीचा उपाय दंडाचा होता. खाडा केला, पगार काप. मुंबईत हे सर्रास चालायचं. नागपुरात त्यांनी दंडाऐवजी आमिष आणि आधार या दोन गोष्टी करून बघितल्या. हजेरी चांगली असणाऱ्यांना बक्षिसं, आणि बक्षीस समारंभ कसा, तर खेळ, मेळावा, बायकापोरं आलेली, आणि त्यात घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, कापड, रोख पैसे. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी. 1895 मध्ये अपघाताची भरपाई. या तारखा कायद्यांशेजारी ठेवून बघा. अपघात भरपाईचा कायदा हिंदुस्थानात आला 1923 ला, भविष्यनिर्वाह निधीचा 1952 ला. म्हणजे सरकारच्या कितीतरी आधी.

मिलमध्ये हवा खेळती ठेवायची आणि दमट ठेवायची यंत्रंही लवकर बसवली होती. टाटांच्या दूरदृष्टीच्या यादीत हे हमखास येतं. खरं आहे, पण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सुताचा धागा तुटतो, त्यालाही दमट हवा लागतेच. माणसाचं आणि धाग्याचं हित एकत्र आलं की सुधारणा लवकर होतात. पुढे मिलनं वस्त्यांमध्ये वायएमसीएमार्फत कामगार कल्याणाचं काम चालवलं, इंदोऱ्याला कामगारांसाठी वसाहतीची योजना केली. व्हिटली कमिशननं त्याची दखल घेतली.

आता इथून मुंबईला जायचंय, 1884 साली. कारण मालकाची बाजू ऐकली, तोच प्रश्न कामगारानं कसा मांडला तेही बघायला पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु' चालवणारे. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. मागण्या काय? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाला तर पोटाची सोय.

ही यादी हळू वाचा. विश्रांती, वेळेवर पैसे, सुरक्षितता. यात आळशीपणा कुठंय? 1890 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि ती मान्य होण्यामागे हे आंदोलन होतं. आपण रविवारी निवांत चहा पितो, त्याच्यामागे हा माणूस आहे.

आता अमेरिका. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना. 1924 ला तिथं प्रयोग सुरू झाला, की उजेड वाढवला तर काम वाढतं का? उजेड वाढवला, काम वाढलं. कमी केला, तरी फारसं घटेना. संशोधक गोंधळले. मग 1927 ला टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं आणि एकेक गोष्ट बदलून बघितली: मध्ये विश्रांती, खाणं, कमी तास. उत्पादन वाढत गेलं. हार्वर्डचे एल्टन मेयो यांनी यातून मोठा सिद्धांत काढला की माणसाकडे लक्ष दिलं, त्याला आपल्या गटाचा वाटा मिळाला, की तो काम करतो. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत इथून नवं प्रकरण सुरू होतं.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, विश्रांती दिली तर काम वाढतं हे शोधायला 1927 साल उजाडावं लागलं. ते साडेपाच हजार सह्यांमध्ये 1884 ला लिहिलेलं होतं, फक्त मागणी म्हणून लिहिलेलं होतं, निष्कर्ष म्हणून नाही. दुसरी गोष्ट पुस्तकात बारीक अक्षरात असते. त्या खोलीतल्या दोन मुलींना 1928 च्या जानेवारीत काढून टाकलं, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. मग उत्पादन वाढलं ते कशानं, तुम्हीच ठरवा. मला त्या सातऱ्यावरच्या मावशी आठवतात. बोलायला मिळतं म्हणून त्या येतात.

हॉथॉर्नचा शेवटचा भाग मला सगळ्यात खरा वाटतो. 1931-32 मध्ये तारा जोडणाऱ्या 14 पुरुषांच्या खोलीचं निरीक्षण केलं. तिथं काय दिसलं, तर कामगारांनी आपापसांत ठरवून टाकलेलं की दिवसाला एवढंच काम करायचं. जास्त करणाऱ्याची चेष्टा, दंडावर बुक्का. जास्त काम करशील तर उद्या दर कमी होईल, ही भीती. नगावर मजुरी घेणाऱ्या जगातल्या कुठल्याही माणसाला हे कळतं. तज्ज्ञांना ते कोडं वाटलं.

मग येतो 1943 आणि अब्राहम मास्लो. गरजांची उतरंड: आधी पोट, मग सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मानसन्मान, मग स्वतःला फुलवणं. एक गंमत सांगतो, तो प्रसिद्ध पिरॅमिड मास्लोनं काढलाच नव्हता, तो नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. मास्लो स्वतः म्हणतो की हा क्रम इतका कडक नाही, अपवाद आहेत. पण चित्र काढलं की अपवाद बाहेर पडतात. वर्गात एवढंच शिकवलं जातं, की पोट भरल्याशिवाय मानाची भूक लागत नाही.

मित्रहो, हे वाक्य नागपूर जिल्ह्यात उभं राहून म्हणता येत नाही. मार्च 1927 ला महाडचा सत्याग्रह झाला. तिथून गावोगाव महारांनी ठरवलं: मेलेली ढोरं ओढायची नाहीत, ते मांस खायचं नाही. त्यात पोटाचा भाग होता, कातड्याचे पैसे होते. ते सोडलं. गावांनी बहिष्कार टाकला, मजुरी बंद केली, मार खावा लागला. तरी सोडलं. आणि 14 ऑक्टोबर 1956 तर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेला आहे. दीक्षाभूमीवर लाखो लोक आले. बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती जाणार हा धोका होता, आणि केंद्राच्या बाबतीत तो खरा झाला, त्या परत मिळायला 1990 उजाडलं. पोट पहिल्या पायरीवर आणि मान चौथ्या, असा हिशेब त्या दिवशी कुणी केला नाही. त्या गर्दीत मिलचे कामगार होते, शेतमजूर होते.

बाबासाहेबांनी कामाच्या प्रेरणेवर लिहिलंय, हे मानसशास्त्राची पुस्तकं सांगत नाहीत. 1936 चं 'जातिप्रथेचं निर्मूलन' आठवा. लाहोरच्या मंडळानं आयतं आलेलं भाषण होऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हा मुद्दा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पुढचा परिच्छेद मात्र कुणी वाचत नाही. तिथं ते म्हणतात की ज्या कामाला समाज हलकं मानतो ते करणाऱ्याला त्या कामाची किळस येते, तो सतत त्यातून सुटायला बघतो, कामचुकारपणा करतो. आवड नाही, निवड नाही, मन नाही, डोकं नाही, मग कार्यक्षमता येणार कुठून? हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. मास्लोच्या सात वर्षं आधीचं आहे. आणि बारकावा बघा. इथं 'माणूस आळशी का?' या प्रश्नाचं उत्तर माणसात शोधलेलं नाही, कामाला चिकटवलेल्या अपमानात शोधलंय.

हे त्यांना गिरणीनं शिकवलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी भरली की धागा भोकातून तोंडानं ओढायचा, आणि सवर्ण कामगार म्हणायचे की आम्हाला विटाळ होईल. साचेखात्यात पगार जास्त. तिथला दरवाजा बंद, म्हणजे आयुष्यभर कमी पगाराच्या कातण खात्यात. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितलं की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत घ्या. नाखुशीनं का होईना, घ्यावी लागली. तेव्हा मालकांनी बोट दाखवलं की ही अडचण आमची नाही, तुमच्याच कामगारांची आहे. बाबासाहेबांना ते मान्य करावं लागलं. पुढे 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यात या सगळ्याचा अनुभव होता.

घड्याळाची बक्षिसं, सोन्याची साखळी, निवृत्तिवेतन, सगळं चांगलं. पण जो दरवाजा जातीमुळे बंद आहे, तो हजेरीच्या बक्षिसानं उघडत नाही. अमेरिकेत 1959 ला हर्झबर्गनं पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारून सांगितलं की पगार आणि पंखे नसतील तर माणूस नाराज होतो, पण ते असले म्हणून मन लावून काम करत नाही. त्यासाठी कामातच काहीतरी मिळवल्याचा, वर चढण्याचा आनंद लागतो. चांगला सिद्धांत आहे. फक्त त्यानं ज्यांना विचारलं त्यांना वर चढायला जिना होता. कातण खात्यातल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं आधी जिन्याबद्दल विचारलं असतं.

मॅकग्रेगरवर मी जास्त थांबत नाही. 1960 साली त्यानं एवढंच म्हटलं की मॅनेजर माणसाला कामचुकार समजतो की जबाबदार, यावर सगळी व्यवस्था उभी राहते. बेझनजी आणि दंड कापणारे मालक, हा फरक तोच.

एक प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आपल्याकडचा, कापड गिरणीतलाच आहे. 1953, अहमदाबादची कॅलिको मिल. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले होते. नव्या ऑटोमॅटिक मागांच्या शेडमध्ये 224 माग, 29 कामगार, आणि कामाचे बारा तुकडे पाडलेले. कोण कुणाबरोबर आहे याचा पत्ता नाही. नवी यंत्रं असून उत्पादन जुन्यासारखंच. राइसनी सुचवलं की ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटाला पूर्ण देऊन बघा. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि आपापले गट स्वतःच बांधले. तज्ज्ञांनी आखायच्या आधी. उत्पादन वाढलं, कापडाचं नुकसान घटलं. जगभरच्या पुस्तकांत हा प्रयोग राइसच्या नावानं आहे. गट कुणी बांधले ते मी सांगितलं.

एम्प्रेस मिलचं पुढं काय झालं तुम्हाला ठाऊक आहे. 1986 ला टाटांच्या हातून ती सुटली, सरकारी महामंडळानं चालवली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. त्या जागी आता मॉल आहे. आत थंड हवा आहे, दमट नाही, कारण तिथं सूत तुटत नाही. पण मॉलमध्ये काम करणाऱ्या मुलांच्या हजेरीचं मशीन आहे, अंगठा लावायचा. एका मुलाला विचारलं, दांडी मारलीस तर? म्हणाला, "पगार कटते सर."

मावशींना मी शेवटी विचारलं होतं की किलोचा भाव कोण ठरवतं. त्या हसल्या आणि टोपली पुढं ओढली. आता प्रश्न असतील तर घेऊ.